पडून राहिलेलें नांव विकावें काय?



माझ्या थोरल्या बंधूंनीं आपल्या शिकवणीच्या वर्गासाठीं २००९ सालीं महाजालावर एक नांव नोंदविलें होतें. हल्लीं ज्याला 'डोमेन' म्हणतात तें. वर्ग २०१६ सालीं बंद पडला, संकेतस्थळ उतरविलें गेलें, पुढें बंधूही राहिले नाहींत. परंतु त्या नांवाचें बिल दर वर्षीं येतें आणि घरांतील कोणीतरी तें भरून टाकतें. चार महिन्यांपूर्वीं एका अपरिचित गृहस्थाचें पत्र आलें, कीं हें नांव मीं साठ हजार रुपयांस घेण्यास तयार आहें. झालें, घरांत दोन पक्ष पडले! एक म्हणे, विकून मोकळे व्हा. दुसरा म्हणे, आज साठ हजार मिळतात तर दहा वर्षांनीं सहा लाख मिळतील. मुळांत ही वस्तु काय आहे याची दोन्ही पक्षांस नीट कल्पना नव्हती, आणि खरें सांगावयाचें तर मलाही नव्हती. तेव्हां मीं जी थोडी चौकशी केली ती आज आपणांपुढें मांडीत आहें.

संगणकांना एकमेकांचा ठाव लागतो तो अंकांवरून. अंकांच्या त्या माळा माणसाच्या लक्षांत राहत नाहींत, म्हणून १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संशोधकानें अक्षरी नांवांची पद्धति मांडली. पुढें १५ मार्च १९८५ रोजीं सिम्बॉलिक्स या संगणक-कंपनीनें 'डॉट कॉम'मधलें पहिलें नांव नोंदविलें. आपण 'नांव विकत घेतलें' असें म्हणतों, पण ही भाषा सैल आहे. तें भाड्यानेंच असतें, आणि एका वेळीं फार तर दहा वर्षांचें भाडें आगाऊ भरतां येतें. मुंबईकर श्रोत्यांस पागडीच्या खोलीची उपमा पटावी: भाडें भरीत आहांत तोंवर ताबा तुमचा, आणि रक्कम घेऊन तो दुसऱ्यास देतांही येतो. फरक इतकाच, कीं येथें भाडें थकलें तर कोर्टकचेरीवांचून ताबा जातो. 'डॉट कॉम'ला मुदत टळल्यावर कांहीं दिवसांची सवलत, मग दंड भरून सोडविण्याचे तीस दिवस, आणि आणखी पांच दिवसांनीं नांव सर्वांना मोकळें.

अशा वस्तूस किंमत किती येते? वृत्तपत्रांतील आंकडे डोळे दिपविणारे असतात. २०१९ सालीं मायक्रोस्ट्रॅटेजी या कंपनीनें 'व्हॉइस डॉट कॉम' हें नांव तीन कोटी डॉलरांस विकलें. मात्र घेणारी ब्लॉक-वन ही कंपनी त्या वेळीं 'व्हॉइस' याच नांवाचें समाजमाध्यम काढीत होती, हें बातमी वाचणारे विसरतात. शब्द साधा, सर्वांच्या ओळखीचा, एकाच तऱ्हेनें लिहिला जाणारा; आणि नेमका तोच पाहिजे असलेला, पैसा हातीं असलेला ग्राहक. या दोन गोष्टींची गांठ क्वचित् पडते.

आपलें नांव पारखावयाचें तर तें दूरध्वनीवर एखाद्यास सांगून पहावें. पुन्हां न विचारतां त्यानें तें बरोबर लिहिलें तर ठीक. मराठी शब्दांची येथेंच पंचाईत होते. आमच्या बंधूंनीं घेतलेल्या नांवांत 'ज्ञान' हा शब्द होता. तो रोमन लिपींत लिहितांना मराठी माणूस 'डी-एन'नें आरंभ करतो, हिंदीभाषी 'जी'नें, आणि संस्कृतचा पंडित 'जे-एन'नें! जें नांव तीन तऱ्हांनीं लिहिलें जाईल त्याला एका तऱ्हेची किंमत कशी यावी? (२०१४ पासून देवनागरींत 'डॉट भारत' मिळूं लागलें आहे, तेथें हा घोळ नाहीं, पण अद्यापि गिऱ्हाईकही फारसें नाहीं.) शिवाय त्याच शब्दाचीं, निराळ्या शेपटाचीं नांवें चालते धंदे वापरीत आहेत काय, हें पहावें. तसें कोणी नसेल तर आपलें नांव हवेंसें वाटणारा माणूस कोठून येणार?

आतां थांबण्याचा हिशेब. हजारों नांवें बाळगणारे व्यापारी सांगतात, कीं शंभर नांवांत वर्षाकांठीं एक-दोन विकलीं गेलीं तरी धंदा ठीक चालला म्हणावयाचें. आणि तीं त्यांनीं पारखून घेतलेलीं असतात. आमच्या नांवाची संधि शंभरांत एक धरली, आणि किंमत साठ हजार धरली, तर वर्षाच्या वाट पाहण्याचें मोल सहाशें रुपये झालें. बिल बाराशें रुपयांचें! सहा लाखांच्या पक्षास हा हिशेब रुचला नाहीं, परंतु त्यांत चूकही त्याला दाखवितां आली नाहीं.

नांव दुसऱ्याच्या प्रसिद्ध व्यापारचिन्हाशीं जुळत असेल तर तें विकावयास न जाणेंच शहाणपणाचें. डेनिस टोपेन या अमेरिकन गृहस्थानें 'पॅनाव्हिजन' ही कॅमेरे करणारी कंपनी जागी होण्यापूर्वींच तिचें नांव नोंदविलें, त्यावर इलिनॉय प्रांतांतील पाना या गांवचीं चित्रें लावलीं, आणि कंपनीपाशीं तेरा हजार डॉलर मागितले. १९९८ सालीं वरिष्ठ न्यायालयांत त्याची हार झाली. आपल्याकडे 'रेडिफ'नें एका अक्षराचा फेर केलेल्या 'रॅडिफ'विरुद्ध १९९९ सालीं मुंबई उच्च न्यायालयाकडून मनाईहुकूम मिळविला. लवादाच्या नियमांत तर चिन्हाच्या मालकासच भारी किंमतीस विकण्याच्या हेतूनें नांव घेणें हा बदनियतीचा पुरावा मानला आहे. सुदैवानें 'ज्ञान' शब्दावर कोणाची मालकी नाहीं.

त्या पत्रलेखक गृहस्थांस आम्ही होकार कळविला. उलट टपालीं उत्तर आलें, कीं प्रथम नांवाच्या मूल्यांकनाचा दाखला पाहिजे, आणि तो अमुक ठिकाणाहूनच काढावा. फी चार हजार. ही युक्ति या व्यापारांत जुनी आहे. फी भरली कीं ग्राहक नाहींसा होतो. दाखला देणारा आणि तो बहुधा एकच. खरा ग्राहक फी मागत नाहीं. तो आपली रक्कम तिऱ्हाइताकडे अनामत ठेवतो, आणि नांव त्याच्या खात्यांत गेल्यावर ती आपणांस मिळते.

साठ हजार गेले. परंतु नांव सोडून द्यावें म्हणून जुने कागद चाळले, तों ध्यानांत आलें, कीं बंधूंचा ईमेलचा पत्ता याच नांवावर होता, आणि बँकेंत, विम्याच्या कचेरींत व वहिनींच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यावर अद्यापि तोच दिलेला आहे! नांव ज्याच्या हातीं जाईल त्यानें तशीच पत्रपेटी उघडली, तर ही सारी पत्रें त्याच्याकडे जातील. 'परवलीचा शब्द विसरलों' असें त्यानें कळविलें, तर नवा शब्द घेण्याची सोयही त्यालाच मिळेल. विकतांना किंवा सोडतांना या गोष्टीचा विचार आमच्या दोन्ही पक्षांपैकीं कोणींही केला नव्हता.

सबब यंदा आम्ही दोन वर्षांचें भाडें एकदम भरलें आहे. वहिनींना बरोबर घेऊन मी एकेका कचेरींत पत्ता बदलून घेत आहें. विम्याचें काम झालें, बँकेचें अर्धें राहिलें आहे. दोन वर्षांत पेटींत एकही कामाचें पत्र आलें नाहीं, तर नांवावर पंधरा हजारांची पाटी लावावयाची, आणि कोणी न आल्यास मुदत टळूं द्यावयाची, असें घरांत ठरलें आहे.