एका वर्षाचे कमी गुण

आपल्यापैकीं पुष्कळ घरांतील एखादा मुलगा, मुलगी किंवा पुतण्या आज समुद्रापलीकडे संसार थाटून आहे; आणि तेथील नातवंडांच्या शाळेची चिंता येथल्या माजघरापर्यंत येऊन पोहोंचते. कॅलिफोर्नियांतील माझ्या पुतण्याचें उन्हाळ्याच्या सुटीच्या आरंभीं आलेलें पत्र अशाच चिंतेचें होतें. त्याचा मुलगा नववीपर्यंत सर्व विषयांत ‘ए’ मिळवीत असे. दहावीच्या वर्षीं आईवर मोठी शस्त्रक्रिया झाली, घराची घडी विस्कटली, आणि गणित व रसायन या दोहोंत मुलगा ‘सी’वर आला. “काका, आतां नामांकित कॉलेजांचीं दारें बंदच समजायचीं ना? अकरावीला कठीण गणित सोडून सोपें घेऊं द्यावें म्हणतों. आणि हिचें दुखणें मात्र शाळेंत कोणास कळतां कामा नये,” असें त्यानें लिहिलें होतें.

आपल्याकडे परीक्षा म्हटली कीं मॅट्रिकचीच डोळ्यांपुढें उभी राहते: तीन तासांचा पेपर, आणि ज्याला मुलाचें नांवही ठाऊक नाहीं असा परीक्षक. शितावरून भाताची परीक्षा करणारा हा स्थालीपुलाकन्याय अमेरिकेंत तसा चालत नाहीं. तेथें नववीपासूनची गुणपत्रिका कॉलेजाच्या प्रवेशमंडळापुढें जाते. मुलानें कोणते विषय घेतले, शाळेंत असलेल्या कठीण अभ्यासक्रमांपैकीं किती पत्करले, आणि वर्षामागून वर्ष त्याचे गुण चढत गेले कीं उतरत गेले, हें सर्व पाहिलें जातें. म्हणून वाईट वर्ष तेथें झांकतां येत नाहीं, हें जितकें खरें, तितकेंच तें एकटें वाचलें जात नाहीं, हेंही खरें.

मात्र घसरण कोणत्या वर्षीं झाली याला महत्त्व आहे. अर्ज बारावीच्या पूर्वार्धांत, बहुधा नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास, करावे लागतात. त्या वेळीं पूर्ण झालेलें शेवटचें वर्ष अकरावीचें असतें. नववींत घसरलेल्यास सावरण्यास दोन वर्षें मिळतात, दहावींत घसरलेल्यास एक. अकरावींत घसरलेल्यापाशीं बारावीचें पहिलें सत्र तेवढें उरतें. कॅलिफोर्निया विश्वविद्यालय तर गुणांची सरासरी काढतांना नववीचे गुण धरीत नाहीं, दहावी-अकरावीचे धरतें. प्रवेश मिळाल्यावरही निश्चिंत होतां येत नाहीं. बारावीचा अखेरचा निकाल फार उतरला तर दिलेला प्रवेश परत घेतला जाऊं शकतो. २०१७ सालीं याच विश्वविद्यालयाच्या अर्व्हाइन शाखेनें सुमारें ५०० प्रवेश, कांहीं कमी गुणांमुळें व कांहीं कागदपत्रांच्या त्रुटींमुळें, मागें घेतले होते. बरीच ओरड झाल्यावर पुष्कळांना ते पुन्हां मिळाले.

पुतण्याला मीं लिहिलें कीं, तुझे दोन्ही बेत मला पसंत नाहींत. सोप्या गणितांत ‘ए’ मिळेल. पण गुणपत्रिका वाचणारा समजेल कीं मुलानें माघार घेतली. कठीण विषयांतला ‘बी’देखील सावरल्याची साक्ष देईल. पाया कच्चा राहिला असेल, तर तो या सुटींतच भरून काढावा. दुसरें असें कीं, अर्जांत आपली अडचण सांगण्यास जागा ठेवलेली असते, आणि पुष्कळ कॉलेजांकडे शाळेचा समुपदेशकही मुलाविषयीं पत्र पाठवितो. त्याला कांहीं ठाऊकच नसेल तर तो लिहिणार काय? सूनबाईंची संमति घेऊन चार सरळ वाक्यें लिहावीं: काय घडलें, केव्हां घडलें, आणि त्यानंतर मुलानें काय केलें. रडगाणें नको, आणि सबबही नको.

हें मी शहाणपणाच्या तोऱ्यांत लिहीत नाहीं. तीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका हुशार मुलाचे संस्कृतांतील गुण नववींत एकाएकीं निम्म्यावर आले. मीं त्याला सर्वांदेखत ‘आळशी’ म्हटलें. तो मान खालीं घालून उभा राहिला. बोलला कांहींच नाहीं. त्याचे वडील अंथरुणाला खिळले होते आणि तो पहांटे चारला उठून घरोघर वर्तमानपत्रें टाकीत होता, हें मला वर्ष संपल्यावर कळलें. घरचें बाहेर सांगूं नये, ही शिकवण त्यानें पाळली. विचारण्याचें कर्तव्य मात्र मीं पाळलें नाहीं.

प्रवेशाची हमी यांत कोठेंच नाहीं. हार्वर्डसारख्या ठिकाणीं अलीकडे १०० अर्जांमागें सुमारें ४ जणांसच प्रवेश मिळतो. अखंड ‘ए’ मिळविणारीं मुलेंही तेथून विन्मुख परततात. तेव्हां उद्यां नकार आला, तर त्याचें खापर त्या एका वर्षावर, आणि त्याहून वाईट म्हणजे आईच्या दुखण्यावर, कोणीं फोडूं नये.

पुतण्याचें उत्तर परवां आलें. सूनबाई स्वतः समुपदेशकाला भेटून आल्या. मुलानें कठीण गणितच ठेवलें आहे आणि पहिल्या चाचणींत त्याला ‘बी’ मिळाला. तो कागद त्यानें प्रथम आईला नेऊन दाखविला, असें पुतण्या लिहितो.