हिरवळ आणि पायवाट

एका विद्यापीठाच्या आवारात ४० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी हिरवळ आहे, असे समजा. तिच्या एका कोपऱ्याशी वसतिगृह आहे आणि समोरच्या कोपऱ्याशी व्याख्यानगृह. कडेच्या रस्त्याने गेले तर ७० मीटर चालावे लागते. हिरवळीतून तिरपे गेले तर, पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे, फक्त ५० मीटर! तासाची घंटा झालेली असताना हे २० मीटर कोण सोडील? दिवसातून दोनदा आणि वर्षातून २०० दिवस असा हिशेब केला, तर एका विद्यार्थ्याची ८ किलोमीटर चाल वाचते. मग हिरवळीत मातीचा पट्टा उमटतो, माळी वैतागतो आणि ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी लागते.

या भांडणात गवताचे म्हणणे काय आहे?

गवत तसे चिवट असते. त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून पाते तुटले तरी खालून पुन्हा फुटते. खरी इजा होते ती जमिनीच्या आत. चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ असतो आणि त्या पोकळ्यांत हवा व पाणी असते. पायांच्या दाबाने आधी मोठ्या पोकळ्या बुजतात. मुळांना प्राणवायू कमी पडतो, पावसाचे पाणी आत मुरण्याऐवजी वरून वाहून जाते आणि कठीण मातीत नवी मुळे शिरू शकत नाहीत. माती ओली असली तर तिचे कण एकमेकांवरून सहज सरकतात आणि ती अधिकच दाबली जाते. भर पावसानंतरचे चालणे म्हणूनच सर्वांत वाईट.

आता एक गंमत पाहा. दुप्पट माणसे चालली म्हणजे नुकसान दुप्पट होते, असे नाही. बरेचसे नुकसान सुरुवातीच्या चालण्यानेच होते. उघड्या पडलेल्या पायवाटेवरून आणखी हजार माणसे गेली तरी फारसे काही बिघडत नाही. पण त्या वाटेवर काटेरी कुंपण घाला, की लोक तिच्या शेजारून जातात आणि दुसरा पट्टा उजाड होतो. हा उपाय करणाऱ्यांची मला नेहमीच गंमत वाटते.

जर्मनीतील स्टुटगार्ट विद्यापीठाच्या आवारात आखलेल्या रस्त्यांच्या मधल्या हिरवळीवर अशा पायवाटा आपोआप पडल्या होत्या. डिर्क हेल्बिंग, योआखिम केल्च आणि पीटर मोल्नार या शास्त्रज्ञांनी अशा वाटांचे गणित मांडून १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांचे नियम साधे होते. प्रत्येक चालणारा आपली खूण मागे ठेवतो. गवत वाढले की ती पुसट होते. आणि पुढचा माणूस जवळची वाट व तुडवलेली सोयीची वाट यांचा मेळ घालतो. संगणकावर हे चालवून पाहिले तेव्हा आधी सरळ वाटा उमटल्या. मग त्या एकमेकींकडे ओढल्या जाऊन थोड्या वळणाच्या, पण एकूण कमी लांबीच्या वाटांचे जाळे तयार झाले. कोणी ठरवले नाही, कोणी सभा घेतली नाही, तरी सर्वांनी मिळून जणू तडजोड केली! रस्ते आखणाऱ्यांना अशा गणिताचा उपयोग होईल, असे या शास्त्रज्ञांनी सुचवले. वाट पडणारच असेल, तर तेवढीच फरसबंद करावी आणि बाकीचे गवत वाचवावे.

केंब्रिजमध्ये मात्र वेगळीच रीत आहे. तेथील कित्येक कॉलेजांच्या चौकांतील हिरवळीवर फक्त ‘फेलो’ मंडळींनी चालायचे, विद्यार्थ्यांनी नाही. आपले जयंत नारळीकर १९६३ ते १९७२ या काळात तेथील किंग्ज कॉलेजचे फेलो होते. म्हणजे हा मान त्यांच्याकडेही होता. व्हर्जिनिया वुल्फ या लेखिकेने १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात, हिरवळीवर पाऊल टाकणाऱ्या स्त्रीला एक रखवालदार हाकलतो, असा प्रसंग रंगवला आहे. गवताच्या बाजूने पाहिले तर त्या एका बाईने काहीच बिघडणार नव्हते. फेलोंच्या पायांनीही माती तेवढीच दाबली जाते. ती हिरवळ टिकते ती चालणारे थोडे असतात म्हणून, विद्वान असतात म्हणून नव्हे. तेव्हा एखादा नियम गवतासाठी आहे की मानासाठी, हे तपासून पाहायला हरकत नाही. पाऊस पडल्यावर दोन दिवस हिरवळ बंद ठेवणे हा गवतासाठीचा नियम झाला. कोरड्या दिवशी बसायला, खेळायला मनाई कशासाठी? पसरून बसलेली मुले एकाच रेषेत चालत नाहीत.

तुमच्या शाळेच्या मैदानातही अशी एखादी पायवाट असेलच. दोन्ही बाजू उघड्या असलेला, कडा बोथट केलेला एक डबा घ्या. तो पायवाटेवर दोन-तीन सेंटिमीटर खोल दाबा, त्यात पेलाभर पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो, हे घड्याळावर पाहा. पहिले पाणी कोरडी माती झटकन पिते, म्हणून लगेच दुसरा पेला ओतून त्याचीच वेळ नोंदवा. मग दोन मीटर बाजूला, गवतात, हाच प्रयोग करा. वेगवेगळ्या चार-पाच ठिकाणच्या वेळा मिळाल्या की त्यांचा तक्ता बनवा, आणि तो बरोबर घेऊनच मुख्याध्यापकांकडे पायवाटेवर फरशी मागायला जा.