भेसळ काढणारं प्रथिन

जालन्याच्या शिवारात ‘भेसळ काढणे’ म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि बीजोत्पादनाचे प्लॉट गावोगावी गेले. प्लॉटमध्ये वेगळं दिसणारं झाड फुलावर येण्याआधी उपटायचं. राहिलं तर त्याचे पराग पसरतात. शरीरातही असं उपटणं सतत चालू असतं.

आता तंबाखूची चिमूट घ्या. तळहातावर चुना लावून मळली, वर दोन थापट्या मारल्या आणि गालाच्या खाचेत सारली. वर्षानुवर्षं तीच खाच. तिथलं अस्तर एरवीही काही आठवड्यांत झडून नवं येतं. त्यासाठी खालच्या पेशी विभागतात आणि दर विभागणीला डीएनएची सुमारे सहाशे कोटी अक्षरं नव्याने उतरवली जातात. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स शरीरात रूप बदलून या अक्षरांना चिकटतात. मग उतरवताना ‘जी’च्या जागी ‘ए’ बसतं. बऱ्याचशा चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते, काही बिनमहत्त्वाच्या जागी पडून राहतात.

एखादी मात्र टीपी५३ या जनुकात पडते. त्यापासून बनणारं पी५३ प्रथिन हाच आपला भेसळ काढणारा: डीएनए बिघडला की विभागणी थांबवतो, दुरुस्ती जमत नसेल तर पेशीला मरायला लावतो. जनुकाच्या प्रती दोन, आईकडची आणि बापाकडची. एक गेली तरी दुसरी बरंच निभावून नेते. दोन्ही गेल्या की बिघडलेल्या पेशीला हटकणारं कुणी उरत नाही. तिच्या वंशात पुढे आणखी चुका साठतात. विभागणीचा ब्रेक सुटतो, शेजारच्या थरात घुसायची सोय होते. असा कॅन्सर व्हायला वर्षं लागतात.

‘आजोबांनी जन्मभर खाल्ली, त्यांना कुठे काय झालं?’ चूक कुठे पडावी हे नशीब, किती पडाव्यात हे चिमटीच्या हातात. आजोबांचं नशीब नातवाला मिळत नाही.

जनुक म्हटलं की लोक घराणं आठवतात. काही कॅन्सरांचा बिघाड खरोखर पिढीजात असतो, पण तंबाखूने गालात झालेला बिघाड गालातच राहतो, मुलाबाळांत उतरत नाही. कधी तो आधी पांढऱ्या चट्ट्याच्या रूपात दिसतो. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयासारख्या ठिकाणी अशा चट्ट्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात: पेशी ओळीत आहेत, की ओळ मोडून खाली शिरल्या आहेत.