गाडीचा पत्रा – लेखांक ५ : टाका मार, हात काढ

चाकणच्या मोटार कारखान्यांत गाडीचा सांगाडा जोडला जातो तेव्हा ठिणग्यांचा सडा पडतो, पण माणसाचा हात त्या कामाला क्वचितच लागतो. रोबो आपल्या तांब्याच्या चिमटीत पत्र्याचे दोन थर दाबून धरतो, हजारो अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या एखाद्या अंशापुरता त्यांच्यातून सोडतो आणि दोन पत्र्यांच्या मध्ये हरभऱ्याच्या डाळीएवढा ठिपका वितळून एकजीव होतो. हा झाला एक स्पॉट. एका मोटारीत असे साधारण तीन ते पाच हजार स्पॉट असतात. अमेरिकेत एलिहू थॉमसन यांनी १८८०च्या दशकात या तंत्राचं पेटंट घेतलं. आज तळेगाव-चाकण पट्ट्यात त्याशिवाय कारखान्याचं पान हलत नाही.

त्याच मोटारीचं पुढचं आयुष्य मात्र रावेत-किवळेच्या बाजूला रस्त्याकडेच्या शेडमध्ये जातं. इथून मावळ जवळ, आणि मावळाचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. चाकाच्या कमानीत चिखल बसतो, फुटबोर्डाच्या पोकळीत पाणी साचून राहतं आणि रंग वरून शाबूत दिसत असताना पत्रा आतून सडत जातो. मागच्या लेखांकात तो सडका भाग कापला आणि त्याच मापाचा नवा तुकडा बेतला. आता तो जोडायचा. रोबोची चिमटी इथे नाही, आणि बहुतेक ठिकाणी पत्र्याच्या मागे हातसुद्धा पोचत नाही.

वेल्डिंग शिकायला या भागात जागांची वाण नाही. महापालिकेची आयटीआय मोरवाडीत आहे, सरकारी आयटीआय औंधला आहे. आयटीआयचा वेल्डर हा ट्रेड एक वर्षाचा, आणि आठवी पास झालेल्यालाही त्यात प्रवेश मिळू शकतो. पण तिथे हात बसतो तो जाड पट्टीवर. दहा मिलिमीटरच्या लोखंडावर कांडी पेटवायची, शांतपणे पुढे सरकायचं आणि सलग, एकसारखी रेघ ओढायची. हीच सवय घेऊन पोरगा डेंटरकडे येतो, मोटारीच्या पत्र्यावर तशीच रेघ ओढायला जातो आणि दोन सेकंदांत रुपयाएवढं भोक पाडून बसतो. यात त्याची चूक म्हणावी तर फार नाही. मोटारीचा बाहेरचा पत्रा असतो जेमतेम ०.७ ते ०.८ मिलिमीटरचा, म्हणजे बावीस गेजच्या आसपास. दहा मिलिमीटरची पट्टी लागलेली उष्णता पोटात घेते. या पत्र्याला पोटच नसतं.

म्हणून गॅरेजमधला जुना माणूस नव्या पोराला पहिल्या दिवशी एवढंच सांगतो, “टाका मार, हात काढ.” म्हणजे सलग रेघ ओढायची नाही, क्षणभरात एक ठिपका जोडायचा आणि थांबायचं.

यंत्र लागतं मिगचं, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवणारं. गॅरेजच्या भाषेत सीओटू. तार ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची, प्रवाह तीस ते साठ अँपिअरच्या दरम्यान. गॅस नुसता कार्बन डायऑक्साइड चालतो, पण पातळ पत्र्याला आर्गॉन मिसळलेला गॅस जास्त मानवतो, ठिणग्या कमी उडतात. गॅसचं काम वितळलेल्या धातूवर पांघरूण घालायचं. हवा आत शिरली की टाक्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. उन्हाळ्यात शेडमध्ये पाठीमागे पंखा लावून काम चालतं आणि टाके सच्छिद्र येतात तेव्हा नवशिक्या यंत्राची बटणं फिरवत बसतो. दोष असतो पंख्याचा. पंख्याचं तोंड दुसरीकडे फिरवलं की टाका सुधारतो. यंत्र बरोबर लागलं आहे की नाही हे डोळ्यांआधी कानाला कळतं. फोडणीत मोहरी एकसारखी तडतडावी तसा आवाज हवा. थांबून थांबून फटफट होत असेल तर तारेचा वेग आणि विजेचा दाब जुळलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. पोलाद तापलं की वाढतं: एक मीटरची पट्टी एक अंशाने तापली तर सुमारे बारा हजारांश मिलिमीटर. आकडा क्षुल्लक दिसतो. पण वीतभराहून थोडा मोठा, तीस सेंटिमीटरचा सांधा पाचशे अंशांनी तापला, तर तो जवळजवळ दोन मिलिमीटर वाढू पाहतो. भोवतीचा थंड पत्रा त्याला वाढू देत नाही. मग तापून मऊ झालेला तो भाग स्वतःतच दाबला जातो, आणि थंड होताना मूळ मापापेक्षा आखूड होतो. सांधा आखूड, बाजूचा पत्रा तेवढाच, त्यामुळे सपाट दरवाजावर पापडासारखी लाट उठते. ती लाट लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवता येते, पण पत्रा सरळ करायचा सोडून अशी लांबी थापणं ही या धंद्यातली सगळ्यात वाईट सवय आहे.

यावर उपाय धीराचा. पॅच बसवून आधी कोपऱ्यांवर एकेक टाका, मग त्यांच्या मधोमध एक, मग उरलेल्या अंतरांच्या मधोमध. शेजारी शेजारी दोन टाके लागोपाठ कधीच नाहीत. उघडं बोट टेकवता येईल इतका पत्रा निवला की पुढचा टाका. तळहाताएवढा पॅच जोडायला अर्धा दिवस गेला तरी वावगं मानू नये. मागे हात पोचत असेल तिथे टाके निवल्यावर मागून डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, धरून वरून हलक्या हातोडीने ठोकतात, ते आखूड झालेला सांधा पुन्हा ताणण्यासाठी. तिथेच मागच्या बाजूने तांब्याची पट्टी दाबून धरली तर ती उष्णता ओढून घेते आणि भोकही पडू देत नाही, कारण वितळलेलं पोलाद तांब्याला सहसा चिकटत नाही.

नव्या गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. पोलाद वितळायला सुमारे दीड हजार अंश लागतात, पण जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. सांध्याजवळचं जस्त आधी घासून काढावं, शेडची दारं उघडी ठेवावीत, नाकातोंडावर धुराचा मास्क असावा. डोळ्यांच्या बाबतीत तर हयगय नकोच: काच न लावता पाहिलेला झगझगाट त्या वेळी काही करत नाही, सहा-आठ तासांनी, ऐन मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. बॅटरीची तार सोडणं आणि पत्र्यामागचा फोम, कार्पेट, डांबरी थर काढणं हेही टाक्याआधीचं काम.

आणि एक भाग नवशिक्याने सोडूनच द्यावा. दोन दरवाजांमधला खांब पुष्कळ नव्या गाड्यांत बोरॉन पोलादाचा असतो. ते नऊशेहून अधिक अंशांना तापवून साच्यातच झटकन थंड केलेलं असतं, त्यातून त्याची ताकद साध्या पत्र्याच्या कितीतरी पट होते. वेल्डिंगची आच लागली की तिथे ते मऊ पडतं. भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपची धडक-चाचणी सुरू झाली. तिच्यातले तारे मिळवण्यात अशा खांबांचा मोठा वाटा असतो. त्यांची दुरुस्ती कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच व्हायला हवी.

फेंडर, दरवाजा, डिकीचा तळ इथे मात्र हात खुशाल चालवावा, पण आधी भंगारातल्या पत्र्यावर. कारखान्यातल्या स्पॉटच्या जागी गॅरेजमध्ये प्लग येतो: वरच्या पत्र्याला सहा ते आठ मिलिमीटरचं भोक पाडायचं, खालचा पत्रा त्याला घट्ट भिडवायचा, आणि भोकाच्या मधोमध, खालच्या पत्र्यावर चाप सुरू करून गोल फिरत ते भरायचं. असे दहा-बारा प्लग मारून झाले की तुकडा शिकंज्यात आवळावा आणि दोन पत्र्यांच्या मध्ये छन्नी घालून हातोडीने सोलावा. कारखान्यांतही स्पॉटची परीक्षा अशीच छन्नी घालून करतात. कच्चा प्लग टिकलीसारखा सुटून येतो, खालच्या पत्र्यावर नुसता काळा डाग राहतो. पक्का प्लग सुटत नाही. पत्राच त्याच्याभोवती फाटतो, एकात भोक पडतं आणि दुसऱ्यावर गोल बोंड चिकटून राहतं. दहापैकी दहा बोंडं दिसेपर्यंत गाडीला हात लावू नये.

(पुढील लेखांकात : सांधा घासणं, आतून गंजरोधक मेण मारणं आणि लांबी किती जाडीची)