खाजगीपणाची साधने आणि आपला विद्यार्थी

१

खाजगीपणाचा विषय निघाला की आपल्यातील पुष्कळ कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडते. ज्याच्या झोपडीला धड दार नाही त्याने कडीकोयंड्याची चर्चा कशाला करावी, असा त्यांचा सवाल असतो. खाजगीपणा ही पोट भरलेल्यांची चैन आहे, हा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. कारण आपल्या इतिहासात दारिद्र्य जितके जुने आहे, तितकीच दुसऱ्याची पाळत जुनी आहे.

महारवाडा गावाबाहेर होता, पण गावाच्या नजरेबाहेर तो कधीच नव्हता. आज चुलीवर काय शिजले, कोणाच्या अंगावर कोरे कापड आले, कोणाचा नवरदेव घोड्यावर बसला, याची चौकशी गाव करी आणि शिक्षाही गावच फर्मावी. वाड्याच्या माजघरात डोकावण्याची सोय मात्र महाराला नव्हती. पाहणारा कोण आणि पाहिला जाणारा कोण, हे जातीने ठरविले होते. इंग्रजी राज्याने या नजरेला सरकारी कागदाची जोड दिली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी अशा जमातींची माणसे जन्माने गुन्हेगार ठरली; त्यांची नोंद झाली, हजेरी सुरू झाली, सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड वसविण्यात आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तोवर किती पिढ्या हजेरी देण्यात संपल्या!

म्हणून बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन सिद्ध केले तेव्हा त्यात व्यक्ती, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण देणारी तरतूद घातली, याचे आश्चर्य वाटू नये. संविधानाच्या मूलभूत हक्कांत ही तरतूद स्वतंत्र कलम म्हणून आली नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. मधे सत्तर वर्षे गेली. ज्या हक्काला आपण चैन समजतो त्याची मागणी आपल्याच नेत्याने लेखी करून ठेवली होती, हे विसरता कामा नये.

२

हा प्रश्न आज आपल्या मुलांच्या आयुष्यात कोठे उभा आहे? घोडबंदर, चेणे, काजूपाडा या पट्ट्यातून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी घ्या. खाडी आणि जंगल यांच्या मधल्या या पट्ट्यात टोलेजंग इमारतीही आहेत आणि दहा बाय दहाच्या खोल्याही आहेत. त्या खोलीतला एक मोबाइल तिघे-चौघे वापरतात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची वेळ आली की मुलगा नाक्यावरच्या दुकानात जातो. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक हे सारे तो दुकानदाराच्या संगणकात ओततो. पासवर्ड दुकानदार ठरवितो आणि आपल्याच वहीत लिहून ठेवतो. मुलगा घरी जातो. त्याची जात, बापाची कमाई आणि बँकेचा क्रमांक त्या संगणकात राहतात. त्याच्या मागून येणारे कोणीही ते उघडू शकते.

‘आम्हाला लपवायचे आहेच काय?’ असे हा मुलगा विचारतो. त्याला उलट विचारावे, नोकरीच्या मुलाखतीत वा भाड्याची खोली बघताना ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न तुला दुसऱ्यांदा का विचारतात? पहिल्या वेळी आडनाव नीट ऐकू आले नाही म्हणून का? आपली जात लाजेने लपविणे वेगळे आणि ती कोणाला, केव्हा, कशासाठी सांगायची हे स्वतः ठरविणे वेगळे. पहिली गुलामी आहे, दुसरा अधिकार आहे. खाजगीपणाचा खरा अर्थ या दुसऱ्या गोष्टीत आहे.

नोंदीचा प्रयोग तळाच्या माणसावर आधी होतो, हेही ध्यानात घ्यावे. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. आणि विचार करणाऱ्या माणसापर्यंत पाळत कशी पोचते तेही आपण पाहिले आहे. २०१९ साली व्हॉट्सअॅपने उघड केले की पेगासस या हेरगिरीच्या साधनाने जगभरातील सुमारे १,४०० जणांच्या फोनना लक्ष्य केले होते. त्यात आपलेही नाव असल्याचे आपल्याला कळविण्यात आले, असे आनंद तेलतुंबडे यांनी जाहीरपणे सांगितले. फेब्रुवारी २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी तज्ज्ञ संस्थेने, भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकात परक्याने शिरून फायली पेरल्याचा निष्कर्ष काढला. राष्ट्रीय तपास यंत्रणेला तो मान्य नाही. त्याचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे. पण एवढे तर खरे की झडतीचा अर्थ आता घरात शिरण्यापुरता राहिलेला नाही.

३

या नजरेला आवर घालणारी काही साधने जगात तयार झाली आहेत. टॉर हे त्यातील एक ठळक नाव. या तंत्राचा पाया १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत घातला गेला आणि २००६ साली टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था स्थापन झाली. त्याचे काम असे चालते. आपण चिठ्ठी एका पाकिटात घालावी, ते पाकीट दुसऱ्यात, दुसरे तिसऱ्यात. पहिला माणूस वरचे पाकीट फोडून आतले पुढच्याकडे देतो, तो तिसऱ्याकडे, आणि तिसरा चिठ्ठी पोचवितो. पहिल्याला चिठ्ठी कोणाकडून आली ते कळते, पण कोठे जाणार ते कळत नाही. तिसऱ्याला कोठे जाणार ते कळते, पण कोणाची ते कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाही. ही मधली माणसे म्हणजे जगभरच्या स्वयंसेवकांनी चालविलेले काही हजार संगणक होत.

अशी साधने मुक्तस्रोत असतात, म्हणजे त्यांचा कोड कोणालाही वाचता येतो. यात मोठे तत्त्व आहे. पोथी ज्याच्या ताब्यात तो सांगेल ते शास्त्र, हा अनुभव आपण हजारो वर्षे घेतला. बंद सॉफ्टवेअर ही तशीच पोथी आहे. आत काय लिहिले आहे ते कंपनीवर विश्वास ठेवून मानायचे. मुक्तस्रोत साधनात चोरवाट ठेवली तर वाचणारा ती शोधू शकतो. मात्र वाचणारा हवा! आणि कोणतेही साधन म्हणजे तोडगा नव्हे. टॉर वाटेवरची पाळत टाळते. पण फोनच परक्याच्या ताब्यात गेला तर टॉरही निरुपयोगी आणि कूटबद्ध संदेशही निरुपयोगी. कोणते साधन कोठवर साथ देते हे कळण्यासाठीही ते आतून पाहिलेली माणसे समाजात असावी लागतात.

४

हा कोड लिहितो कोण? पगारी अभियंते लिहितात, हौशी लोक लिहितात आणि मोठ्या प्रमाणावर विद्यार्थीही लिहितात. गूगलने २००५ साली ‘समर ऑफ कोड’ हा उन्हाळी कार्यक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी सुमारे चारशे विद्यार्थी होते. विद्यार्थ्याने एखाद्या मुक्तस्रोत संस्थेचे काम निवडावे, प्रस्ताव द्यावा, संस्थेतील मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काही महिने घरी बसून काम करावे आणि मानधन घ्यावे, अशी ही योजना. २०२२ पासून ती केवळ विद्यार्थ्यांपुरती राहिलेली नाही. अठरा वर्षे पूर्ण केलेला आणि या क्षेत्रात नवखा असलेला कोणीही अर्ज करू शकतो. टॉरने २००७ पासून या योजनेत विद्यार्थी घेतले. २०१४ च्या उन्हाळ्यात टॉरच्या गुप्त संकेतस्थळांचा शोध घेणाऱ्या ‘अहमिया’ या शोधयंत्रावर असेच काम झाले. २०१५ साली टॉरला योजनेत जागा मिळाली नाही, तेव्हा संस्थेने स्वतःचा ‘समर ऑफ प्रायव्हसी’ चालविला. उन्हाळी विद्यार्थ्यांची तिला किती गरज वाटत होती ते यावरून कळते. दुसरा कार्यक्रम आउटरीची. तंत्रक्षेत्रात ज्यांना डावलले जाते, भेदभाव सोसावा लागतो, त्यांच्यासाठी तो वर्षातून दोनदा तीन महिन्यांचा चालतो आणि ७,००० डॉलर मानधन देतो. आपल्या देशात आपल्यावर कोणता भेदभाव होतो हे अर्जात लिहावे लागते. आपल्या मुलांना या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जावे लागणार नाही!

या कार्यक्रमांत गुणपत्रिका विचारीत नाहीत, महाविद्यालयाचे नाव पाहून निवड करीत नाहीत. आधी कोड वाचावा, एखादी लहान चूक दुरुस्त करून पाठवावी, मार्गदर्शकाशी बोलावे, मग प्रस्ताव लिहावा, अशी रीत आहे. पैसे घेताना खरे नाव द्यावे लागते. परंतु कामावर घालायचे नाव आपण निवडू शकतो. टॉरच्या कामात केवळ टोपणनावाने ओळखले जाणारे लोक वर्षानुवर्षे आहेत. आडनावाखेरीज केवळ कामावरून माणूस जोखला जातो, अशा जागा या देशात किती आहेत?

यात अंतर्विरोध आहे, हे मान्य केले पाहिजे. लोकांच्या माहितीवर धंदा करणारी कंपनी खाजगीपणाच्या कामाला पैसे देते. टॉरच्या खर्चाचा मोठा वाटा अमेरिकी सरकारकडून आलेला आहे. पण कंपनी सरकारने महारांना पलटणीत घेतले तेही काही करुणेपोटी नव्हे. तरी त्या पलटणीतून शाळा मिळाली, सुभेदार रामजी घडले. संधी देणाऱ्याचा हेतू ओळखून संधी घेणे यात लाचारी नाही.

५

मग आपली मुले तेथे का दिसत नाहीत? ‘सर्वांना मुक्त’ या शब्दांना आपण एकदा फसलो आहोत. १९२३ साली बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ पर्यंत चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले नव्हते. ठराव कागदावर होता. तळ्याच्या पायऱ्या उतरायला संघटित माणसे लागली.

मुक्तस्रोताचे तळेही तसेच आहे. कोणी दगड मारीत नाही, पण पायऱ्या निसरड्या आहेत. प्रस्ताव इंग्रजीत, चर्चा इंग्रजीत. संगणक स्वतःचा हवा. प्रस्तावाचे दिवस मार्च-एप्रिलचे, म्हणजे ऐन परीक्षांच्या तोंडावर. मे-जून हे आपल्या मुलांचे कमाईचे दिवस. कोणी लग्नात वाढप्याचे काम करतो, कोणी घरोघर पार्सले पोचवितो. समर ऑफ कोडचे मानधन देशागणिक वेगळे ठरते आणि हप्त्यांनी मिळते; पहिला हप्ता मधल्या परीक्षणानंतर. तोवर घरातली चूल कोण पेटविणार? आणि सर्वात मोठी उणीव म्हणजे ‘तू कर, मी केले आहे’ असे सांगणारा थोरला भाऊ नाही. नामांकित संस्थांत तो प्रत्येक वसतिगृहात असतो.

ही उणीव भरून काढता येते. श्रीलंकेतील मोराटुवा विद्यापीठाने समर ऑफ कोडच्या पहिल्या दहा वर्षांत जगात सर्वाधिक विद्यार्थी दिले. ते सरकारी विद्यापीठ आहे, श्रीमंतांचे नव्हे. एकजण पुढे गेला की तो मागच्याचा हात धरतो; हीच परंपरा आपल्याला घालावी लागेल. घोडबंदरपासून फार दूर नसलेल्या पवईच्या आय.आय.टी.मध्ये मुक्तस्रोत शिक्षणासाठी ‘फॉसी’ हा प्रकल्प आहे, तो उन्हाळी शिष्यवृत्त्याही देतो; तेथीलच ‘स्पोकन ट्युटोरियल’चे पाठ मराठीतही आहेत. खाजगीपणाची साधने हा त्यांचा विषय नव्हे, पण पहिली पायरी म्हणून ते उपयोगी आहेत.

आपल्या महाविद्यालयीन मंडळांनी आणि वसतिगृहांनी एवढे करावे. दिवाळीनंतर पाच-सहा मुलांचा गट बसवावा. जुन्या संगणकावर लिनक्स चांगले चालते. जयंतीच्या वर्गणीतून असे दोन संगणक घ्यावेत. वाद्यवृंदाचा एक तास कमी झाला तर बाबासाहेबांचा अवमान होत नाही. सुरुवात मराठी अनुवादाने, चाचणीने, माहितीपत्रके सोपी करण्याने करावी. मात्र अनुवादाच्या पायरीवर कायमचे बसू नये, कोडपर्यंत जावे. ज्याची निवड होईल त्याच्या घरी पहिला हप्ता येईपर्यंतचे किराणा-भाडे मंडळाने उसने द्यावे. निवड झाली नाही तरी शिष्यवृत्तीचे अर्ज वस्तीतल्याच संगणकावर, पासवर्ड स्वतःपाशी ठेवून भरून देणारी पाच-सहा माणसे तयार झालेली असतील.

गावाच्या नजरेतून सुटण्यासाठी आपले आईबाप शहरात आले. शहराने नजर बदलली. ती आता भिंतीवर नाही, खिशात आहे. तिच्यापासून राखणारी साधने दुसऱ्यांनी लिहायची आणि आपण नुसती वापरायची, ही वाटणी जुनीच आहे. ती मोडायची असेल तर यंदाच्या मार्चमध्ये आपल्या मुलांचे प्रस्ताव तयार असले पाहिजेत.