विश्लेषण : ४६ सामने, एक गोल आणि दोन हजार कोटी... ‘चॅम्पियनशिप’मधील बढती-पदावनतीची लढाई इतकी निर्दयी का?

२४ मे २०२५. लंडनचे वेम्बली स्टेडियम. शेफील्ड युनायटेड आणि संडरलँड १-१ असे बरोबरीत. भरपाई वेळेतील पाचव्या मिनिटाला संडरलँडच्या १९ वर्षीय टॉम वॉटसनने चेंडू जाळ्यात धाडला आणि आठ वर्षांनंतर हा क्लब प्रीमियर लीगमध्ये परतला. या एका गोलचे मोल किमान २० कोटी पौंड, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांहून अधिक असल्याचा ‘डेलॉइट’चा अंदाज होता. इंग्लंडमधील दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत एका गोलवर एवढे काय अवलंबून असते?

बढती आणि पदावनती कशी ठरते?

चॅम्पियनशिपमध्ये २४ संघ असतात. प्रत्येक संघ इतर २३ संघांशी घरच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर असे एकूण ४६ सामने खेळतो. २०२४-२५च्या हंगामातील नियमांनुसार पहिल्या दोन संघांना थेट बढती मिळाली. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांमध्ये प्ले-ऑफ झाले. तिसरा विरुद्ध सहावा आणि चौथा विरुद्ध पाचवा अशा दोन टप्प्यांच्या उपांत्य लढती आणि त्यानंतर वेम्बलीवर एकच अंतिम सामना. तळाचे तीन संघ ‘लीग वन’ या तिसऱ्या श्रेणीत गेले. आयपीएलमध्ये तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने सुरुवात करतो. इथे तशी सोय नाही.

गुणतालिकेत वर असूनही बढती हुकते?

हो. २०२४-२५मध्ये लीड्स आणि बर्नली या दोघांचेही तब्बल १०० गुण झाले. गोलफरकाच्या आधारे लीड्स विजेता ठरला, तरी बढती दोघांनाही मिळाली. बर्नलीने तर ४६ सामन्यांत अवघे १६ गोल स्वीकारले. तिसऱ्या स्थानी राहिलेल्या शेफील्ड युनायटेडचे ९० गुण होते; इतर क्लबांची देणी थकवल्याबद्दल दोन गुण कापले गेल्यानंतरही. चौथ्या क्रमांकावरील संडरलँडचे गुण होते ७६. म्हणजे दहा महिन्यांत कमावलेली १४ गुणांची आघाडी एका दुपारी निरुपयोगी ठरली. हे अन्यायकारक वाटू शकते. पण याच प्ले-ऑफमुळे मधल्या फळीतील संघांची आशा शेवटच्या आठवड्यापर्यंत टिकून राहते.

तळाची लढाई किती चुरशीची असते?

त्याच हंगामात स्टोक सिटी ५१, डर्बी आणि प्रेस्टन प्रत्येकी ५०, तर हल सिटी आणि ल्युटन प्रत्येकी ४९ गुणांवर होते. पाच संघांत मिळून फक्त दोन गुणांचा फरक! अखेरच्या दिवसापूर्वी ल्युटन हलच्या पुढे होता. पण त्याने वेस्ट ब्रॉमविचविरुद्ध ३-५ अशी हार पत्करली आणि हलने पोर्ट्समथशी १-१ अशी बरोबरी साधली. गुण समान झाले आणि गोलफरकाने ल्युटनला लीग वनमध्ये ढकलले. प्लिमथ आणि कार्डिफ हे पदावनत झालेले अन्य दोन संघ. ल्युटन २०१४मध्ये बिगर-लीग फुटबॉलमधून वर आला आणि नऊ वर्षांत प्रीमियर लीगपर्यंत पोहोचला होता. तिथून लागोपाठ दोन हंगामांत तो दोन पायऱ्या खाली आला.

‘पॅराशूट’ रक्कम म्हणजे काय?

प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या क्लबचे उत्पन्न अचानक आटते, पण खेळाडूंचे करार कायम असतात. हा धक्का सौम्य व्हावा म्हणून त्याला प्रक्षेपण हक्कांच्या समान वाट्यातील पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ टक्के आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के रक्कम मिळते. प्रीमियर लीगमध्ये एकच हंगाम टिकलेल्या क्लबला तिसरा हप्ता मिळत नाही. पहिल्या वर्षीची रक्कम चार कोटी पौंडांहून अधिक असते. चॅम्पियनशिपमधील इतर क्लबांच्या वाट्याला मात्र साधारण ५० लाख पौंडच येतात. २०२४-२५मधील पहिले तिन्ही संघ या ‘पॅराशूट’वाले होते, हा योगायोग नव्हे. अर्थात ल्युटनकडेही हा पैसा होता आणि संडरलँडकडे नव्हता. पैशाने वाट सोपी होते, पण यशाची हमी मिळत नाही.

पैसा नसलेले क्लब काय करतात?

अनेक जण जुगार खेळतात. २०२०-२१सारख्या हंगामात तर चॅम्पियनशिप क्लबांचा पगारावरील एकत्रित खर्च त्यांच्या एकूण उत्पन्नाहून जास्त होता. २०२४-२५च्या नियमांनुसार तीन वर्षांत कमाल ३.९ कोटी पौंड तोट्याची मर्यादा होती आणि ती ओलांडल्यास गुण कापले जात. शेफील्ड वेन्सडेसारखा जुना क्लब ऑक्टोबर २०२५मध्ये दिवाळखोरी प्रशासनाखाली गेला आणि त्याचे १२ गुण एका झटक्यात गेले. मैदानावर चार सामने जिंकून जे मिळते, ते कार्यालयातील एका अर्जाने गमावले.

पुण्याशी काय संबंध?

पुण्यातील ‘व्यंकीज’ समूहाने नोव्हेंबर २०१०मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब सुमारे २.३ कोटी पौंडांना विकत घेतला. १९९४-९५मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब २०१२मध्ये चॅम्पियनशिपमध्ये घसरला. २०१६-१७मध्ये अखेरचा सामना जिंकूनही तो लीग वनमध्ये गेला. नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही ५१ गुणच होते, पण ब्लॅकबर्न गोलफरकात दोनने मागे पडला. वर्षभरात तो परत आला. २०२४-२५मध्ये ६६ गुणांसह सातवा राहिलेल्या या संघाचे प्ले-ऑफ केवळ दोन गुणांनी हुकले.

याच काळात नॉटिंगहॅम फॉरेस्टने उलटी वाट धरली. २०२२मध्ये प्ले-ऑफ जिंकून तो प्रीमियर लीगमध्ये गेला आणि २०२४-२५मध्ये तिथे सातवा आला. २०१७मध्ये दोन गोलांच्या फरकाने वेगळे झालेले हे दोन क्लब आठ वर्षांनी वेगवेगळ्या श्रेणींत, पण दोन्हीकडे सातव्याच स्थानी होते. त्यांच्या उत्पन्नात मात्र कैक कोटी पौंडांची दरी होती.