कॉन्फिगरच्या ओळी

लातूरच्या एका महाविद्यालयात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या लॅबमध्ये पायथॉन ३.१२ बसवायचं होतं. मशीनवर उबुंटू २२.०४, आणि तिच्यासोबत येतं ते ३.१०. परीक्षा तोंडावर असताना सगळ्या लॅबची ऑपरेटिंग सिस्टिम बदलायला कोण धजावणार? मूळच्या पायथॉनला हात लावणं तर त्याहून धोक्याचं. उबुंटूची स्वतःचीच बरीच कामं त्याच्यावर चालतात. कुणी उत्साहाने त्याची लिंक नव्या आवृत्तीकडे वळवली, तर टर्मिनलसुद्धा उघडेनासं होतं. म्हणून लॅब असिस्टंट मॅडमनी सोर्स कोड उतरवून घेतला आणि तो वेगळ्या जागी बिल्ड करायचं ठरवलं. मी शेजारच्या खुर्चीवर बसून पाहत होतो.

पहिली आज्ञा कॉन्फिगरची. तिच्यापुढे प्रिफिक्स म्हणून त्यांनी ऑप्टमधलं एक फोल्डर दिलं, म्हणजे नव्या पायथॉनचा सगळा पसारा तिथेच राहील. मग पडद्यावर ओळी धावू लागल्या. कंपायलर आहे का, अमुक हेडर फाइल आहे का, तमुक फंक्शन चालतं का. बहुतेक जण इथेच चहाला उठतात. मॅडम उठल्या नाहीत. शेवटी मॉड्यूलांची यादी आली तेव्हा त्यांनी पडदा थांबवून एकेक ओळ वाचली. एसएसएल, एसक्यूलाइट, टीकेइंटर, रीडलाइन: चौघांपुढे ‘मिसिंग’.

हे दिसूनही बिल्ड पुढे जातो, आणि खरी अडचण तीच आहे. ओपनएसएसएलची डेव्हलपमेंट फाइल नसली तरी पायथॉन तयार होतं, बेरीज करतं, लूप चालवतं. एसएसएल नसल्याचं कळतं ते पिपने पॅकेज आणायला गेल्यावर. एसक्यूलाइट नाही, हे डेटाबेसच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी. रीडलाइन नसेल तर आधीची ओळ परत आणायला वरच्या बाणाची कळ दाबावी आणि तिथे कंस नि एक इंग्रजी अक्षर उमटावं. नुकतंच शिकू लागलेल्या मुलीला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. तिचं काही चुकलेलं नसतं. कुणीतरी सहा महिन्यांपूर्वी ‘मिसिंग’ वाचलेलं नसतं.

“सर, इन्स्टॉल झालं म्हणजे पूर्ण झालं असं नसतं,” मॅडम म्हणाल्या आणि एपीटीने राहिलेल्या डेव्हलपमेंट फाइली आणल्या. कॉन्फिगर पुन्हा चालवलं. चारही जागी ‘येस’.

या वेळी ऑप्टिमायझेशनचा पर्यायही जोडला. त्यात इंटरप्रिटर आधी मोजमापासह बांधला जातो, त्याच्याकडून पायथॉनच्याच काही चाचण्या चालवून घेतल्या जातात, कोडचा कोणता भाग जास्त वापरात येतो याची नोंद होते आणि त्या नोंदीवर तो नव्याने बांधला जातो. वेग वाढतो, पण बिल्डचा वेळ कितीतरी लांबतो. मराठवाड्यात एवढा वेळ लाईट टिकेलच याचा भरवसा नाही. तशी ती गेलीच. बिल्डची ‘मेक’ ही आज्ञा पुन्हा दिली, तर ती फाइलींच्या वेळा पाहून राहिलेल्या कामापासून सुरुवात करते. पण वीज जाताना एखादी ऑब्जेक्ट फाइल अर्धवट लिहिलेली राहू शकते, आणि तिची वेळ मात्र ताजी दिसते. मॅडमनी मेक क्लीन करून पहिल्यापासून सुरुवात केली. मला हे पटलं. अर्धवट फाइल नंतर शोधत बसण्यापेक्षा तास गेलेला बरा.

शेवटची आज्ञा ऑल्टइन्स्टॉलची. साध्या इन्स्टॉलमध्ये पायथॉन३ या नावाचीही लिंक तयार होते. ऑल्टइन्स्टॉल फक्त आवृत्तीच्या आकड्यासह नाव देतं, म्हणजे कुठलं पायथॉन चालतंय याचा घोळ होत नाही.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत लातूरसोबत नांदेड, परभणी आणि हिंगोलीही येतात, त्यामुळे असली गरज एका लॅबपुरती राहत नाही. तयार फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन अहमदपूर, लोहामार्गे नांदेडच्या एका लॅबमध्ये नेलं, तर ते सुरूच होईना. तिथे उबुंटू २०.०४, तिची जीलिबसी ही मूळ सी लायब्ररी २.३१, लातूरचा बिल्ड २.३५ वर झालेला. जुन्या मशीनवर बांधून नव्यावर न्यावं म्हटलं, तर मुख्य प्रोग्राम चालतो, पण एसएसएल मॉड्यूल ओपनएसएसएल १.१ शोधत बसतं आणि २२.०४ मध्ये असते तिसरी आवृत्ती. तेव्हा नांदेडला तिथल्याच एका मशीनवर नव्याने बिल्ड करायचा आणि तेच फोल्डर तशाच बाकीच्या मशीनवर त्याच जागी ठेवायचं, हा मार्ग निघाला.

मात्र लातूरला कॉन्फिगर करताना कोणते पर्याय दिले होते? मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या आणि त्यांची वही लातूरच्या कपाटात. तिथल्या सहकाऱ्याला फोन करून सांगितलं, नवं पायथॉन उघडा, सिसकॉन्फिग मॉड्यूल घ्या आणि कॉन्फिग-आर्ग्ज विचारा. प्रिफिक्ससह अख्खी ओळ त्याने फोनवर वाचून दाखवली. जागेवर एपीटीने फाइली आणून, तीच ओळ टाकून आम्ही ‘मिसिंग’ शोधायला बसलो. टीकेइंटर पुन्हा राहिलं होतं.